दोन गेट, एक पाटी

नारपोली, भिवंडी
६ सप्टेंबर २००४

चि. मृणाली,

मामाचे आशीर्वाद, पोटभर. फोनवर बोलता आलं असतं तर एवढा कागद खर्ची घातला नसता, पण वीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली आणि कान तिथेच राहिले. समोर ओळखीचा माणूस असला तर ओठ बघून भागतं, फोनला ओठ नाहीत. म्हणून लिहितो.

तू पुण्यात बसून लिहिलेला प्रोग्राम आमच्या काल्हेरच्या गोदामात महिनाभर चालू आहे. भाचीने केलंय म्हणून मी सगळ्यांना मिरवून सांगतो. पण खरं सांगू का, मला त्या यंत्राची भीती वाटते. पूर्वी गोणीवरची चिठ्ठी मी स्वतः मराठीत लिहायचो. आता मी गाडीचा नंबर आणि मालाचा नंबर टाकतो, बटण दाबतो आणि चिठ्ठी इंग्रजीत बाहेर येते. हमाल ती गोणीवर चिकटवतात. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना कळत नाही आणि मलाही नाही.

तुला आमचं गोदाम ठाऊक नाही, म्हणून सांगतो. जमीन दोन आळींची होती, म्हणून गेटंही दोन. एक नंबर वरल्या आळीचं, तिथे त्यांची सून रुचिका बसते. तिच्याकडे खाण्याचा माल असतो, मीठ, साखर, डाळी. दोन नंबर खालच्या आळीचं, म्हणजे तुझ्या मामीच्या माहेरचं, तिथे मी. माझ्याकडे डाईंगवाल्यांचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांचा माल. त्यात एक पांढरं रसायन आहे, त्याला हमाल रंगाचं मीठ म्हणतात. दिसायला अगदी मीठ, पण पोटात गेलं तर माणूस निळा पडून मरतो.

गावच्या जत्रेत दोन्ही आळींचे नारळ एकदम फुटतात, एकाचा आधी फुटला तर डोकी फुटतात. तसंच इथे ठरलंय. सकाळी नऊचा भोंगा वाजला की दिवसाची पहिली चिठ्ठी दोन्ही गेटांनी एकदम काढायची. मान सारखा. पण मला भोंगा ऐकू येत नाही. हमालांची हालचाल बघून मी बटण दाबतो तोवर रुचिकाची चिठ्ठी निघून गेलेली असते. मामीचे भाऊ चिडलेत. म्हणतात, "बाळारामभाऊ, तुमच्यापायी आपली आळी रोज मागं पडतंय." कानाने होत नाही ते डोळ्याने व्हावं असं काही करता येईल का, बघ.

तुझा,
बाळाराममामा

पुणे
१० सप्टेंबर २००४

मामा,

पाया पडते. तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. नारळासारखी चिठ्ठी फोडणारं गोदाम जगात दुसरं नसेल!

तुमचं काम झालं म्हणून समजा. मॅनेजर धनेशना फोन करून सांगितलंय, भोंग्याच्या वायरीला एक लाल दिवा जोडून तुमच्या टेबलासमोर लावा. दिवा लागला की दाबा. एका क्षणाचाही फरक पडणार नाही.

आणि यंत्राला घाबरू नका. आत काय चालतं ते सांगते. तुमच्या गोदामाच्या शेटच्या ऑफिसात सर्व्हर म्हणजे मुख्य संगणक आहे, त्यात मी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली सर्व्हिस बसलीय. तिला एक कारकून समजा. तुम्ही बटण दाबलंत की तुमची मागणी त्याच्याकडे जाते. तो तुमच्या मालाचं नाव आणि कुठे जायचंय ते आपल्या पाटीवर लिहून घेतो, वहीत शोधतो आणि पाटी बघून चिठ्ठी पाठवतो. प्रत्येक मागणीसाठी नवा कारकून उभा करता येतो, पण त्याने सर्व्हर जड होतो. मी एकच ठेवला. तो दोन्ही गेटांना पुरतो. आमचे साहेब खूश झाले, म्हणाले, हाच नमुना इतर गिऱ्हाइकांकडेही वापरू. माझं पहिलं काम आहे मामा, आणि ते चार ठिकाणी जाणार!

मामीला नमस्कार. आई विचारत होती, गणपतीला येणार ना?

मृणाली

नारपोली
२१ सप्टेंबर २००४

चि. मृणाली,

दीड दिवसाचा गणपती निरोप घेऊन गेला, तू आली नाहीस. असो. हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस.

दिवा लागला. चांगला टपोरा लाल आहे. आता मी आणि रुचिका अगदी एकदम बटण दाबतो, आळीतले लोक खूश आहेत, मामीच्या भावाने मला पेढा दिला. आणि तेव्हापासून माझ्या हातून काहीतरी भलतंच होऊ लागलंय.

गेल्या मंगळवारी माझ्या मशीनमधून चिठ्ठी आली ती रुचिकाच्या मालाची. मला वाचता येत नाही, चिकटवली. रंगाच्या मिठाची गाडी निघाली ती थेट एका बेकरीवर. नशीब, विठू ड्रायव्हर जुना आहे. गोण्यांना हात लावला आणि म्हणाला, "ये तो अपना डाईंगवाला माल हाय," आणि गाडी परत घेऊन आला. धनेश मला खूप बोलला. नंबर चुकीचा टाकलास म्हणाला. मी मान खाली घातली.

आज परत तेच झालं. या वेळी गाडी गेटातून निघायच्या आधी रुचिकाने बघितलं आणि गुपचूप माझी चिठ्ठी बदलली. ती कोणाला सांगणार नाही. मीही सांगितलेलं नाही.

बाय, मी नंबर बरोबर टाकला होता. बोटाने एकेक आकडा मोजून टाकला होता. म्हणजे मला तसं वाटतं. आणि तिथेच सगळी गडबड आहे. तुझ्या आजीचं शेवटी काय झालं होतं ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. तिची सुरुवात अशीच झाली. ती म्हणायची, मी भातात पाणी घातलं होतं, आणि भांडं कोरडं जळत असायचं. पुढे ती मला माझ्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायची. सगळे म्हणतात, मी आईच्या वळणावर गेलोय.

मला मरणाची भीती नाही वाटत. मला याची वाटते. तू यंत्रात बघून सांग, मी काय दाबलं होतं.

मामा

पुणे
२५ सप्टेंबर २००४

मामा,

पाया पडते आणि थोडं रागावते. लगेच आजीपर्यंत कुठे पोचलात?

तुमच्या समाधानासाठी मी इथे माझ्या मशीनवर बसून दोन्ही गेटांच्या मागण्या पाठवून बघितल्या. शंभर वेळा. आधी एक नंबरची, मग दोन नंबरची, मग परत एक नंबरची. शंभरच्या शंभर चिठ्ठ्या बरोबर आल्या. प्रोग्रामात चूक नाही, हे मी खात्रीने सांगते. माणसाकडून होतं असं कधीतरी. आकडे बारीक दिसतात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांना दाखवून या.

आणि एक सुचवते, मनाला लावून घेऊ नका. काही दिवस गेटवर दुसऱ्या कोणाला बसवलं तर? तुम्हालाही विश्रांती मिळेल. शेटनी आमच्या साहेबांकडे तक्रार केलीय, त्यामुळे इथेही थोडी धावपळ आहे. बाकी सगळं ठीक.

मृणाली

धामणकर नाका
२९ सप्टेंबर २००४, सकाळ

मृणाली,

विठू टेम्पो घेऊन यायचाय, तोवर एका दुकानाच्या फळीवर टेकून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काल सकाळी डोळे तपासले. चष्मा बरोबर आहे. डॉक्टर म्हणाला, या वयात एवढे चांगले डोळे कमी बघितलेत. मग मी त्याला विचारलं, डोकं कसं तपासतात? तो हसला. मी हसलो नाही. रोज उठलो की मी सगळ्या नातवंडांची नावं थोरल्यापासून म्हणतो, मग लूमवरच्या जुन्या सोबत्यांची, मग आळीतल्या घरांची. तुझी मामी सीताबाई विचारते, "काय पुटपुटताव?" मी तिला देवाचं नाव सांगतो.

पण आता जे झालंय ते माझ्यापुरतं राहिलं नाही. काल संध्याकाळी गोदामाची मोजदाद झाली. माझ्याकडच्या रंगाच्या मिठाच्या आठ गोण्या कमी, आणि रुचिकाकडे खाण्याच्या मिठाच्या आठ गोण्या जास्त, कारण त्या चिठ्ठीचा माल गेला असं समजून तिच्या उचलल्याच नाहीत. सोमवारच्या पहिल्या चिठ्ठीचा माल आहे तो. गाडी नव्या ड्रायव्हरची होती, त्याला माल ओळखता येत नाही. चिठ्ठीप्रमाणे त्याने गोण्या पोचवल्या. शहापूरच्या पलीकडे एक आश्रमशाळा आहे, तिथल्या स्वयंपाकघरात. तीनशे पोरं जेवतात तिथे.

धनेश रात्रीपासून फोन लावतोय. शाळेचा फोन बंद आहे, पावसात तार पडलीय म्हणे. पोलिसांना सांगू म्हणालो तर म्हणाला, आधी बघून या, उगाच बोभाटा नको. सोमवार, मंगळवार आणि आजची सकाळ. पाच वेळची जेवणं झाली असतील मृणाली.

धनेशने सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाळाराम, खरं सांग, तुना काय टाकला व्हता?" मी म्हटलं, बरोबर टाकला होता. तो म्हणाला, "पुण्याहून कागद आयलाय. मशीन बरोबर हाय, चूक दोन नंबरच्या माणसाची हाय."

विठू आला. काही उरलं असेल का तिथे?

मामा

पुणे
१ ऑक्टोबर २००४

मामा,

तुम्ही शाळेतून परत आलात का, पोरं कशी आहेत, मला काहीच ठाऊक नाही. काल दिवसभर गोदामात फोन करत होते. रुचिका एवढंच म्हणाली की मामा अजून तिकडेच आहेत. जे सांगायचंय ते फोनवर दुसऱ्या कोणाकडे देण्यासारखं नाही. ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे, मामा. चूक माझी आहे.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी शंभर वेळा बघितलं ते एकटीने, एकामागून एक. तुम्ही आणि रुचिका एकदम दाबता. मी शेजारच्या मुलीला दुसऱ्या मशीनवर बसवलं, तोंडाने एक, दोन, तीन म्हटलं आणि दोघींनी बटण दाबलं. सातव्या खेपेला माझ्या हातात तिची चिठ्ठी आली.

मी तुम्हाला एका कारकुनाची गोष्ट मोठ्या फुशारकीने सांगितली होती ना? त्याच्याकडे पाटी एकच. तुमची मागणी येते, तो तुमचा माल पाटीवर लिहितो आणि वहीत शोधायला वळतो. तेवढ्यात रुचिकाची मागणी येते, तीच पाटी पुसून तिचा माल लिहिला जातो. तो वळून पाटी बघतो आणि तिचीच चिठ्ठी तिलाही देतो आणि तुम्हालाही. एकामागून एक कितीही माणसं आली तरी तो चुकत नाही. एकाच क्षणी दोन आली की चुकतो. हे जावाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. मी शिकले होते, पास झाले होते. लिहिताना विसरले.

महिनाभर काही झालं नाही, कारण तुम्हाला भोंगा ऐकू येत नव्हता. तुम्ही उशिरा दाबत होता. तो उशीर तीनशे पोरांना वाचवत होता, आणि दिवा मी लावायला सांगितला.

सर्व्हरवर प्रत्येक बटणाची नोंद राहते. तुम्ही सांगितलंत तेव्हाच बघायला हवी होती, ती मी आज सगळी उघडली. तुम्ही सांगितलेले तीनही दिवस त्यात आहेत. तीनही वेळा तुम्ही टाकलेला नंबर बरोबर आहे. एक आकडासुद्धा चुकलेला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची मला जास्त भीती वाटते. पुण्याहून आलेला तो कागद, त्यावर सही माझी आहे. पंचवीस तारखेला, तुम्हाला पत्र लिहिलं त्याच दिवशी साहेबांनी तो पुढे ठेवला आणि मी सही केली. तुम्हाला लिहिताना बाकी सगळं ठीक म्हटलं. दोन नंबरचा माणूस तुम्ही आहात हे मला ठाऊक होतं. मला खात्री वाटत होती, आणि नोकरी नवीन होती.

आज साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, गुपचूप दुरुस्त करून टाक, कागदावर काही येऊ देऊ नकोस. दुरुस्ती मी केलीय. आता कारकुनाच्या हातात पाटीच नाही, प्रत्येक मागणी आपली पाटी बरोबर घेऊन येते. अर्ध्या तासाचं काम होतं, मामा. अर्ध्या तासाचं.

पोरांचं काय झालं ते कळवा. जे असेल ते लिहा.

मृणाली

नारपोली
४ ऑक्टोबर २००४

मृणाली,

पोरं जिवंत आहेत. हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं वाचशील.

शाळेत पोचलो तेव्हा स्वयंपाकघराबाहेर पोरं पंगतीला बसली होती. मी टेम्पो थांबायच्या आधी उडी मारली आणि पडलो. ओरडत गेलो, जेवू नका. माझा आवाज केवढा निघत होता मला कळत नाही, पोरं घाबरून रडायला लागली. स्वयंपाकीण ठकुबाई हातात पळी घेऊन धावत आली. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिने हात धरून कोठीत नेलं. सात गोण्या तशाच शिवलेल्या. आठवी फोडलेली, वरचं थोडं काढलेलं.

विठूने मला नंतर लिहून दाखवलं ती काय म्हणत होती ते. "पावसाळ्यात मीठ पाझरतंय. या मिठाला दोन दिवसांत टिपूस न्हाय सुटला. असलं मीठ मी पोरांना घालन व्हय?" तिने जुन्या मडक्यातलं खडं मीठ वापरलं. पण माल फुकट घालवायचा नाही म्हणून दोन मुठी घरी नेऊन शेळ्यांपुढे ठेवल्या. तिच्या तीन शेळ्या होत्या. तिन्ही सकाळी मेलेल्या सापडल्या. तिला वाटलं साप चावला. मी गोणीकडे बोट दाखवलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पंगतीकडे बघत राहिली.

मग तिने मला खुणेने विचारलं, ही चिठ्ठी कोणी लावली? मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं.

सगळ्या गोण्या तिथून हलवून तीन दिवसांनी परत आलो तर तुझं पत्र घरी आलेलं. तीनही वेळा नंबर बरोबर, हे वाक्य वाचलं आणि मी सीताबाईला मिठी मारून रडलो. ती घाबरली. तिला वाटलं कोणी गेलं. मी तिला सांगितलं, मी आईसारखा झालेलो नाही. काल सकाळी उठलो आणि नावं म्हटली नाहीत.

पुढचं पान वाचलं आणि राग आला. लपवत नाही. मी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय, आणि तू माझ्या नावावर चूक लिहून सही केलीस. मामी म्हणते, पोर आहे, विसरून जा. विसरायला मला आता भीती वाटते, म्हणून विसरणार नाही. पण तुझा मामाही राहीन.

तुझं पत्र शेटला दाखवलं तर माझं नाव धुऊन निघेल. रुचिका म्हणते दाखवा. मी दाखवणार नाही. ते तुझं काम आहे. मला लिहिलंस ते मला पुरलं, ठकुबाईला पुरत नाही. आणि तूच लिहिलं होतंस ना, हाच नमुना चार ठिकाणी जाणार? तिथे कोण एकदम बटणं दाबतंय?

मामा

मुक्काम नाशिक
१४ ऑक्टोबर २००४

मामा,

पाया पडते. लांबून.

शेटना मी पत्र लिहिलं आणि स्वतः काल्हेरला जाऊन दिलं, हे तुम्हाला रुचिकाने सांगितलं असेलच. तुम्ही त्या दिवशी गेटवर नव्हता, मला बरं वाटलं, तुमच्या डोळ्यांत बघायचं धैर्य नव्हतं. तिथून ठकुबाईकडे गेले. तिने मला बसायलाही सांगितलं नाही. दारातच म्हणाली, "शेळ्या ऱ्हाऊ दे. त्या दिवशी मी मीठ घातलं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं." मी परत येईपर्यंत साहेबांनी माझं टेबल रिकामं केलं होतं.

चार ठिकाणांची नावं माझ्याकडे होती. दोन ठिकाणी एकच खिडकी निघाली, तिथे काही झालेलं नाही. चौथं उद्या. आज तिसरं. रक्त तपासायची लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची एवढी गर्दी की दोन खिडक्या ठेवल्यात, दोन्हीकडे सतत बटणं चालू. मी समोरच्या बाकावर अर्धा तास बसून राहिले. देवाला म्हणत होते, इथे काही झालेलं नसू दे.

शेवटी आत गेले. मोठ्या बाईंना सांगितलं, हा प्रोग्राम मी लिहिलाय, गेल्या महिन्यात कुणाचा रिपोर्ट कुणाला गेला का? त्यांनी कपाट उघडून एक फाईल काढली. जाड होती. एका धडधाकट माणसाला नको ती औषधं दहा दिवस दिली गेली होती. तो अजून दवाखान्यात आहे. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं दोन नंबरच्या खिडकीवरच्या मुलीच्या चुका आहेत. मैना नाव तिचं. रडून सांगायची, मी बरोबर टाकलंय, मी बरोबर टाकलंय. गेल्या आठवड्यात काढून टाकलं तिला."

दुरुस्ती करून बाहेर आलेय. मैनाचा पत्ता मागून घेतला. बाई म्हणाल्या, ती घराबाहेर पडत नाही, डोकं फिरलंय असं तिलाच वाटायला लागलंय.

मामा, मी आत्ता तिच्या दाराबाहेर उभी आहे. कडी वाजवते.

मृणाली